कॉलीचा क्रॉस की बुलचा क्रॉस? डुकरं-रोही येणाऱ्या वावरासाठी सल्ला हवा

वावरकरी_घाटंजी

राम राम मंडळी. आठ एकर काळी, घाटंजी तालुका. पऱ्हाटीत (कपाशीत) तूर, ओलिताच्या तीन एकरांत हरभरा. उत्तरेला नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल. तुरीची शेंग भरली की रोही (नीलगायी) येतात, हरभरा घाट्यावर आला की डुकरांचा कळप. झटका मशीन लावलेली आहे, पण नाल्याच्या अंगाला गवत वाढून तारेला टेकतं, झटका कमी होतो आणि डुकरं नेमकी तिथूनच शिरतात.

दोन ठिकाणी पिल्लं मिळत आहेत. एक बॉर्डर कॉली (मेंढरं वळवणारी विलायती जात) आणि कारवानी (आपला लांब पायांचा शिकारी कुत्रा) यांचा क्रॉस, दुसरा पिटबुल आणि कारवानीचा. विलायतेत असल्या क्रॉसला लर्चर म्हणतात आणि कॉलीवाला बरा की बुलवाला यावर तिथले शिकारी हमरीतुमरीवर येतात, एवढं कळलं. आपल्याकडच्या उन्हात, काट्याकुट्यात आणि डुकरासमोर यातला कोणता टिकेल? एक ठेवू की दोन? घरी सहा शेळ्या आणि लहान पोरं आहेत.

धुऱ्यावरचा_जागल्या

भाऊ, लर्चर ही जात नाही, क्रॉसचा प्रकार आहे. एका बाजूने नजरेवर धावणारा लांब पायांचा कुत्रा, म्हणजे तिकडे ग्रेहाउंड किंवा व्हिपेट आणि आपल्याकडे कारवानी किंवा मुधोळ. दुसऱ्या बाजूने एखादा कामाचा कुत्रा. तिथल्या लोकांचं भांडण त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. रात्री बॅटरीच्या झोतात ससे धरायचे तर एकाच रात्री कुत्र्याला अनेक वेळा धावावं लागतं. तिथे कॉलीचं डोकं, घट्ट पंजे आणि दम कामी येतो. निम्मा-निम्मा क्रॉस वेगात कमी पडतो, म्हणून तो परत ग्रेहाउंडला देऊन पाऊण ग्रेहाउंड, पाव कॉली असं पिल्लू काढतात. बुलचं रक्त घालतात ते जबड्यासाठी आणि जिगरीसाठी. कोल्ह्यासारखं उलटून चावणारं जनावर समोर आलं तरी तो सोडत नाही. थोडक्यात एकाला पुष्कळ धरायचं आहे, दुसऱ्याला दांडगं धरायचं आहे.

तुम्हाला धरायचंच नाही. तुम्हाला भुंकणारा कुत्रा पाहिजे, आणि या दोन्ही क्रॉसचं दुखणं इथेच आहे. कारवानी मुकाट धावते. बॉर्डर कॉली मेंढरं वळवते तीही नजर रोखून, दबा धरून, आवाज न करता. बुल जातीचा कुत्रा धरतो तो गप राहूनच. तिन्ही रक्तांत पहाऱ्याचा आवाज नाही. अशा कुत्र्याला डुक्कर दिसलं की तो काळोखात बाणासारखा सुटतो आणि मचाणावर बसलेल्याला काही कळतच नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. तूर कापली की विळ्याने तिरके कापलेले खुंट राहतात, बोटाएवढे जाड आणि खिळ्यासारखे टोकदार. ताशी पन्नास किलोमीटरने धावणाऱ्या कुत्र्याची छाती त्यावर आपटली तर खुंट आत घुसतो. उन्हाळ्यात काळीला पडणाऱ्या भेगांत पाय अडकून हाड मोडतं. पिकाचं रान मोकळं असतं तेव्हा हा वेग फार देखणा दिसतो. पण ज्या महिन्यांत राखण लागते, त्या महिन्यांत वावर उभं तरी असतं नाहीतर खुंटांनी भरलेलं असतं.

या दोनांतूनच निवडायचा असेल तर कॉलीवाला, कारण तो हाकेला परततो. पण माझं मत विचाराल तर दोन्ही नको. धनगराच्या वाड्यावरच्या कुत्रीचं नाहीतर गावातल्या चांगल्या भुंकणाऱ्या कुत्रीचं पिल्लू घ्या. आई रात्री अनोळखी आवाजावर जागेवरून भुंकते की पळत सुटते, एवढं बघायचं.

करवानीप्रेमी

भुंकण्याचा मुद्दा मान्य. पण कॉलीला एवढं झुकतं माप देऊ नका. काम मिळालं नाही तर कॉलीचं रक्त स्वतःच काम शोधतं: मोटारसायकलचं चाक, शाळेत जाणारी पोरं, शेळ्यांच्या टाचा. शेळ्यांना दिवसभर कोपऱ्यात दाबून उभं करणारा कुत्रा म्हणजे घरात नवीन भानगड. शिवाय तो लांब केसांवर गेला तर दिवाळीनंतर रोज रात्री अर्धा तास कुसळं आणि गोखरू काढत बसा. कुसळ नुसतं केसात राहत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की गळू होतं, कानात गेलं की कुत्रा मान वाकडी करून डोकं झटकत राहतो.

बुलवाल्याला आखूड केस, कुसळांचा त्रास कमी, आणि घरच्या माणसांशी तो बहुतेक वेळा मायाळू असतो. विलायतेतले जाणकारही निम्मा बुल फारसा पसंत करत नाहीत, पाव किंवा त्याहून कमी ठेवतात. निम्म्यात छाती जड होते, वेग जातो, अंग लवकर तापतं. तुम्हाला मिळतंय ते निम्मंच आहे. म्हणजे दम कमी आणि पकड पूर्ण. त्यात दुसऱ्या कुत्र्यांशी जमणं कठीण. शेजारच्या वावरातला कुत्रा धुऱ्यावर (बांधावर) आला तर भुंकून भागत नाही, मान धरली जाते.

डुकरासमोर बुलवाला टिकेल का, याचं उत्तर उलटं आहे. तो सोडत नाही म्हणूनच टिकत नाही. डुक्कर मान खाली घालून वर झटका देतं, सुळा कुत्र्याच्या पोटात, जांघेत, छातीत लागतो. गावठी कुत्रा चार हातांवरून भुंकतो आणि डुक्कर वळलं की मागे सरतो. पकड घेणारा तिथेच राहतो.

आणि पाहायला गेलात तर दोन्ही आईबाप बघा. ‘कारवानी’ म्हणून बाजारात पुष्कळदा नुसता लांब पायांचा गावठीच दाखवतात. अर्थात तुमच्या कामाला ते वाईट नाही, फक्त पैसे कारवानीचे देऊ नका.

गोठा_ते_दवाखाना

आणायच्या आधी औषधांचं वाचा, कारण यात कुत्री जातात.

कॉलीच्या कुळात एमडीआर-१ नावाच्या जनुकाचा दोष आढळतो. लांब केसांच्या रफ कॉलीत फार, बॉर्डर कॉलीत कमी. दोष असलेल्या कुत्र्यात काही औषधं मेंदूत शिरतात आणि तिथे साचतात. त्यातलं पहिलं नाव आयव्हरमेक्टिन. गावात गोचीड किंवा खरूज दिसली की गुरांचंच इंजेक्शन अंदाजाने टोचतात. ते एक टक्क्याचं असतं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला नुसतं अर्धा मिली दिलं तरी किलोमागे २५० मायक्रोग्रॅम होतात. साध्या कुत्र्याला ते पचतं. दोष असलेल्याला लाळ, लडखडणं, आंधळेपणा, झटके, बेशुद्धी, मरण. उतारा नाही, सलाईनवर दिवसेंदिवस सांभाळावं लागतं. ‘पांढरे पाय दिसले तर हे औषध देऊ नका’ अशी तिकडे म्हणच आहे. पण क्रॉसमध्ये पाय काळे असूनही दोष असू शकतो, म्हणून रंगावर जाऊ नका. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळीही अशा कुत्र्याला चालत नाही. गोचिडांसाठी फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरची गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. महाग आहे, पण गोचीडतापाच्या उपचाराहून स्वस्त.

कारवानीच्या बाजूने दुसरी अडचण. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि थायोपेंटोनसारखी भूल त्यांच्या अंगातून फार हळू उतरते. नसबंदीला किंवा टाके घालायला नेलं की ‘यात कारवानी आहे’ हे आधीच सांगा.

बुलवाल्यात डेमोडेक्सची (कातडीतल्या बारीक किड्याची) खरूज बघा: डोळ्याभोवती आणि पुढच्या पायांवर केस गळून चट्टे. पिल्लू पूर्ण पांढरं असेल तर पाठीमागून ताट वाजवा, दचकत नसेल तर बहिरं असू शकतं.

ऊन दोघांनाही नको. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. धापा थांबत नाहीत, जीभ गडद लाल, पाय लटपटतात आणि ताप १०५ च्या वर, म्हणजे लू लागली. सावलीत घ्या, अंगभर साधं पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवलं तर आतली उष्णता कोंडते. ताप १०३ वर आला की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग गार पडतं. मग दवाखाना.

सुळ्याची जखम वरून लहान आणि आत खोल असते. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड ते पावणेदोन चहाचे चमचे, याने धुवा. हळद, चुना, डिझेल नको. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, त्याच मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून न्या. छातीतून हवेचा आवाज येत असेल तर स्वच्छ प्लास्टिक ठेवून घट्ट पट्टी. घरातल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो आणि किडनी जाते.

लसी: सहा ते आठ आठवड्यांनी डिस्टेंपर-पार्व्होची (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) पहिली, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, तिसऱ्या महिन्यात रेबीज, मग दरवर्षी. नाल्याच्या पाण्यामुळे लेप्टोची (दूषित पाण्यातून होणारा आजार) लसही घ्या. तुम्ही टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला आहात, तिथे वाघ आहेत. डिस्टेंपर कुत्र्यातून मोठ्या मांजरकुळात जातो. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला होता.

सातबारा_८अ

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६): शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, कुत्र्यांनी पाठलाग करवणं, फास लावणं, हाकारे घालून हुसकणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, सगळं शिकारीत येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात झालं तर त्याहून कडक. इंग्लंडमध्येसुद्धा २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून रानसशांच्या (हेअर) शिकारीच्या शर्यती आणि कोल्ह्याची शिकार बंद झाली, लर्चरला आता जमीनमालकाच्या परवानगीने बिळातले ससे (रॅबिट) आणि उंदीर एवढंच उरलं आहे. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून इकडे कुत्रा सोडू नका. आपल्या धुऱ्याच्या आत भुंकणारा राखणदार ठेवा आणि नाला ओलांडू देऊ नका. नुकसान झालं की लगेच वनविभागाकडे अर्ज आणि पंचनामा, पाऊलखुणा पुसायच्या आत फोटो.

पिटबुलबद्दल: १२ मार्च २०२४ ला केंद्राने अशा २३ जाती आणि त्यांचे क्रॉस यांवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. तरी तुमचा कुत्रा कोणाला चावला तर निष्काळजीपणाचं कलम आहेच, भारतीय न्याय संहिता २९१: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पायवाट वावरातून जात असेल तर याचा विचार करा.

वावरकरी_घाटंजी

सगळ्यांचे आभार. दोन्ही क्रॉस सोडले, गावठीचीच दोन पिल्लं बघतो. आता एवढंच सांगा की रात्री बांधायचं कसं? मोकळं सोडलं तर नाल्यात जाणार, खुंट्याला बांधलं तर नाल्याकडून शिरलेलं डुक्कर त्याला दिसणारच नाही.

धुऱ्यावरचा_जागल्या

धावती तार करा. नाल्याच्या धुऱ्याला समांतर, आत दहा-बारा फूट, दोन पक्के खांब वीस ते पंचवीस मीटरवर. चार मिलिमीटरची जीआय तार, पाच-साडेपाच फूट उंच, ताणून. तारेत कडी, कडीला फिरकी असलेली सात-आठ फुटांची हलकी साखळी. दोन्ही टोकांना खांबाच्या नऊ फूट अलीकडे तारेवर क्लॅम्प घट्ट कसा. हे विसरलात तर कुत्रा खांबाला गुंडाळी घेत जातो आणि सकाळपर्यंत गळफास. फिरकी नसली की साखळीला पीळ बसतो, तेच होतं. झटका मशीनची तार साखळीच्या टप्प्यात नको, आणि खालचं गवत दर आठवड्याला कापा.

पण बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. म्हणून तार मचाणाच्या आवाजाच्या आत, आणि माणूस नसेल त्या रात्री कुत्री तारेवर नाहीत, जाळीच्या बंद खुराड्यात. खुराड्यातूनही ती भुंकतातच. मानेला रुंद पट्टा, बाहेरून खिळे असलेला मिळाला तर उत्तम.

दोनच ठेवा, एक तारेवर आणि एक मचाणाजवळ. तीन झाली की टोळी होते, मग हाक ऐकत नाहीत. सुरुवातीचे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ दोरीने धरून धुऱ्याधुऱ्याने फेरी, नाल्याशी पोचलं की मागे वळायचं. हाकेसाठी दहा मीटरची दोरी आणि एकच शिट्टी. आलं की भाकरीचा तुकडा. उशिरा आलं म्हणून मारायचं नाही, मग येणंच बंद होतं. शेळ्यांची ओळख आठ ते बारा आठवड्यांत, शेळी बांधलेली आणि पिल्लू दोरीवर. वर्षाचं होईपर्यंत रात्रीची पूर्ण राखण नको, सांधे भरायचे असतात. मुख्य जेवण कामाच्या दोन तास आधी नाहीतर काम संपून धाप उतरल्यावर.

आणि पिल्लू आणायच्या आधी शेजारच्या धुऱ्यांना विचारून घ्या. कोणी डुकरासाठी लाइटची तार टाकतो का, क्लच वायरचे फासे किंवा बारुदाचे गोळे ठेवतो का. गोळा पिठात गुंडाळलेला असतो, कुत्रा तो हमखास तोंडात धरतो.