मदत हवी आहे: सव्वादोन लाखांत गेमिंग पीसी, पैसा नेमका कुठे घालावा?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून गेमिंग पीसी जुळवायचा आहे. बजेट सव्वादोन लाख, आणि त्यात मॉनिटरही बसवायचा आहे. कीबोर्ड, माउस, हेडफोन आहेत. नागपूरला राहते. पीसी ज्या खोलीत ठेवणार तिथे एसी नाही, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लागतो.

खेळणार काय, ते आधी सांगते. सर्वात जास्त वेळ मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये जाणार. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) लावून परत पहिल्यापासून खेळायचा आहे. एल्डन रिंग अर्धवट राहिलाय. रात्री धाकट्या भावासोबत व्हॅलोरंट. शिवाय रविवारी ब्लेंडरमध्ये थोडंफार थ्रीडी करते, छंद म्हणून. स्ट्रीमिंग नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

सध्याचा मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ आहे.

सीताबर्डीतल्या एका दुकानात हे सगळं सांगून कोटेशन घेतलं. ते असं:

इंटेल कोअर अल्ट्रा ९ २८५के, झेड८९० मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, ३६० मिमीचा लिक्विड कूलर, आरटीएक्स ५०७० (१२ जीबी), १ टीबी जेन ५ एसएसडी, ‘८५० वॅट’ एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय (कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं नाही), काचेची कॅबिनेट आणि आरजीबी पंखे. एकूण २ लाख ४८ हजार. मॉनिटर यात नाही.

कागद घरी आणून नीट पाहिला तर अडीच लाखांच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डावर साधारण ५८ हजार, आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम मिळून त्याच्या अडीच पट रक्कम. नुसती रॅमच बासष्ट हजारांची. २०२५ च्या अखेरीपासून रॅम किती महागली आहे ते मला माहीत आहे. एआय डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण रॅम महाग आहे म्हणून ती दुप्पट का घ्यायची? दुकानदारांचं म्हणणं, “गेमिंगचं मशीन आहे, टॉपचाच प्रोसेसर लागतो, नाहीतर कार्ड अडकेल.” हे कितपत खरं?

माझे प्रश्न असे. मॉनिटर १४४०पी घ्यावा की सरळ ४के? प्रोसेसर एएमडीचा एक्स३डी (चिपवरची मेमरी, म्हणजे कॅश, जास्त असलेला) घ्यावा का? ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं ५०७०, ५०७० टीआय आणि एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी यांतलं कोणतं? नागपूरच्या मे महिन्यात एअर कूलर पुरेल का? आणि कुठे हात आखडला तर पुढे त्रास होईल? हे मशीन मला निदान पाच वर्षं टिकवायचं आहे. पैसे कष्टाचे आहेत, म्हणून इतकं लांबण लावते आहे. जाणकारांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

ताई, कोटेशन आणखी फिरवून घेऊ नका, पार बाजूला ठेवा. सुरुवात मॉनिटरपासून करा, कारण कार्डाला किती काम पडणार ते मॉनिटर ठरवतो. १०८०पी म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, ४के म्हणजे ८३ लाख. ४के घेतलात की प्रत्येक फ्रेमला १४४०पीच्या सव्वादोन पट पिक्सेल रंगवायचे, आणि मग सायबरपंक रे ट्रेसिंगसह नीट चालवायला या बजेटबाहेरचं कार्ड लागतं. २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झचा चांगला मॉनिटर २० हजारांच्या आसपास मिळतो. जुना ६० हर्ट्झचा तसाच ठेवून अडीच लाखांचं मशीन घेतलं असतंत तर सेकंदाला ६० च्या वर एकही फ्रेम डोळ्यांना दिसली नसती.

प्रोसेसरबद्दल दुकानदारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या यादीत फ्लाइट सिम्युलेटर आहे, आणि तो खरोखर प्रोसेसरवर भार टाकतो. पण त्याला २४ कोअर नकोत, त्याला कॅश हवी. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये कोअर आठच आहेत, पण एल३ कॅश ९६ एमबी. गेमला वारंवार लागणारा डेटा चिपवरच राहतो, रॅमपर्यंत फेऱ्या कमी होतात. २८५के रेंडरिंगसारख्या (थ्रीडी दृश्यातून चित्र तयार करण्याच्या) कामांत दणकट आहे, गेमिंगमध्ये मात्र तो एएमडीच्या नव्या ९८००एक्स३डी च्या बराच मागे राहिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तेव्हा बऱ्याच गेममध्ये इंटेलच्याच आधीच्या १४९००के च्याही मागे होता. तुमचं ब्लेंडरचं रेंडरिंग कार्डावर होईल, त्यासाठी इतके कोअर विकत घ्यायची गरज नाही.

७८००एक्स३डी की ९८००एक्स३डी? दुसरा नक्कीच वेगवान. पण १४४०पीला रे ट्रेसिंग लावल्यावर बहुतेक वेळ कार्डच शंभर टक्के चाललेलं असतं, तिथे दोघांतला फरक फारसा हाती लागत नाही. ७८००एक्स३डी घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. दोन्ही एएम५ सॉकेटचे (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आहेत, आणि या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठिंबा देणार असं एएमडीने सांगितलं आहे. चार वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता हाताशी राहते, ती पाच वर्षांच्या हिशेबात फार मोलाची.

बोर्ड बी६५० किंवा बी८५० पुरे. झेड किंवा एक्स मालिकेचे जास्तीचे पैसे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आणि पोर्टसाठी असतात. फक्त बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न लावताही बोर्डाचं सॉफ्टवेअर बदलता येणारं) बटण आहे ना ते पाहा. एसएसडी जेन ४, म्हणजे आधीच्या पिढीची, घ्या. जेन ५ चे आकडे मोठे दिसतात, गेम लोड होताना फरक हाताच्या घड्याळावर कळत नाही.

एल्डन रिंग तर ६० फ्रेम्सलाच बांधलेला आहे. त्याच्यासाठी एक रुपयाही वाढवू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कार्डाबद्दल माझं मत देतो.

नुसतं गेमिंग असतं तर मी डोळे झाकून ९०७० एक्सटी म्हटलं असतं. १६ जीबी मेमरी आहे, आणि ५०७० टीआय पेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी एनव्हिडियाकडे झुकतात. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर जितकं पळतं तितकं एएमडीच्या कार्डावर पळत नाही, आणि सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचाच आणखी जड प्रकार) लावलंत तर एएमडी ठळकपणे मागे पडतं. म्हणून बजेटात बसत असेल तर ५०७० टीआय.

साधं ५०७० मी टाळेन. १४४०पीला रे ट्रेसिंग, वर फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः तयार करणं) आणि वरचे टेक्स्चर लावले की १२ जीबी अपुरी पडायला लागते. आजच काठावर असलेली मेमरी पाच वर्षं कशी पुरणार? ५०७० मध्ये ६१४४ कूडा कोअर (कार्डातले गणित करणारे भाग) आहेत, टीआयमध्ये ८९६०. नाव एकच असलं तरी हा वरचा वर्ग आहे. त्यातही सगळ्यात साधं, दोन किंवा तीन पंख्यांचं मॉडेल बघा. त्याच चिपच्या ‘ओसी’ (कंपनीनेच वेग थोडा वाढवलेल्या) आणि दिव्यांच्या मॉडेलला कित्येक हजार जास्त मोजून दोन-तीन टक्के मिळतात.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची शिफारसही ३२ चीच आहे. एरवी मी ६००० वेग आणि सीएल३० (रॅमला लागणारा विलंब, कमी तितका चांगला) असा आग्रह धरला असता, पण एक्स३डी प्रोसेसर रॅमच्या वेगावर कमी अवलंबून असतो. आजच्या भावात ५६०० ची जोडी बरीच स्वस्त मिळाली तर बिनधास्त घ्या. एकच ३२ ची स्टिक मात्र नको, बँडविड्थ निम्मी होते. आणि पुढे आणखी दोन टाकू असंही धरून चालू नका, एएम५ वर चार स्टिक लावल्या की वेग उतरतो.

प्रतिसाद ३

मी अकोल्याचा, त्यामुळे उन्हाळा आणि विजेबद्दल बोलतो. या धाग्यावर त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही आणि विदर्भात तेच जास्त महत्त्वाचं.

लिक्विड कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ३६ अंश असतील तर पाणीही त्याच्या वरच राहणार. ७८००एक्स३डी गेम खेळताना शंभर वॅटच्या आतच राहतो, त्याला तीन-साडेतीन हजारांचा दोन टॉवरचा एअर कूलर आरामात पुरतो, आणि त्यात पंप नसल्यामुळे बिघडायला पंख्याशिवाय काही नाही. ३०० वॅटची खरी भट्टी कार्ड आहे. म्हणून समोर पूर्ण जाळी असलेली कॅबिनेट घ्या. पुढची बाजू काचेने बंद असली तर कितीही पंखे लावा, कार्डाला गरम हवाच मिळते. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या हवेत ओलावा असतो, आणि पाणी जड असेल तर त्याचे क्षारही आत जाऊन बसतात.

एसएमपीएसवर अजिबात तडजोड नको. कोटेशनमध्ये मॉडेल लिहिलेलं नाही याचा अर्थ जे दुकानात पडून असेल ते लागणार. ७५० वॅट तुम्हाला पुरेल, ८५० घेतलंत तर निवांत. ८० प्लस गोल्ड, एटीएक्स ३.१ (पॉवर सप्लायचं नवं मानक), आणि कार्डासाठी मूळ १६ पिनची केबल सोबत असलेलं. ८० प्लसचं लेबल कार्यक्षमता सांगतं, आतले भाग किती टिकतील ते सांगत नाही, म्हणून वॉरंटी पाहा. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणारी मॉडेलं आहेत. ती १६ पिनची केबल कार्डात शेवटपर्यंत दाबून बसवा, अर्धवट बसलेली राहिली तर वितळू शकते.

घरात ६०० व्हीएचा साधा यूपीएस असेल तर त्यावर हे मशीन लावू नका. तो साधारण ३६० वॅट देतो, तुमचं मशीन गेममध्ये साडेचारशेच्या आसपास जाईल. इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का पाहा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाताच पीसी बंद पडेल. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्याच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

कालच नवी यादी करून दोन-तीन ठिकाणी भाव काढले. ७८००एक्स३डी ३५ हजार, बी८५० बोर्ड १६, ३२ जीबी रॅम ३२, ५०७० टीआय ८५, जेन ४ ची १ टीबी एसएसडी ११, एसएमपीएस साडेनऊ, कूलर साडेतीन, जाळीची कॅबिनेट ६, मॉनिटर २०. बेरीज २ लाख १८ हजार. म्हणजे मॉनिटर धरूनही पहिल्या कोटेशनपेक्षा तीस हजार कमी, आणि कार्ड एक पायरी वरचं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच निघाला. उरलेले सात हजार अर्थिंग आणि जोडणीसाठी ठेवते.

बिल घेताना काही विशेष पाहायचं का?

प्रतिसाद १

यादी उत्तम. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. ट्रे पीस (डब्याशिवाय सुटे) हजार-दोन हजारांनी स्वस्त सांगतात, पण एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी डब्यातल्याला असते. जीएसटी बिलावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटरचे सिरियल नंबर लिहून घ्या.

जोडल्यावर मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील. एएम५ बोर्ड रॅम ओळखून जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर पैसे मोजलेला रॅमचा वेग मिळणारच नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगला १८० हर्ट्झ हाताने निवडावं लागतं, तेही करा. मे महिन्यात कार्डाचं तापमान किती जातंय ते इथे लिहा, विदर्भातल्या बाकीच्यांना उपयोगी पडेल.