जवाच्या रानात ज्वारी कशी आली?

तिफण (धागा काढणारा):

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं: ज्वारी-बाजरी आपल्या मातीतली, गहू बाहेरून आलेला. आमच्या मंगळवेढ्याकडे, जिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे तर हे कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. मी ज्वारीवर वाढलेला माणूस आहे आणि तरीही मला हे खोडायचं आहे. गहू बाहेरचा हे खरं, पण ज्वारीही बाहेरचीच. तिची सर्वांत जुनी लागवड सापडते पूर्व सुदानमध्ये, कसालाच्या परिसरात, इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या दरम्यान. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. मालीच्या ईशान्येला तिलेम्सी खोऱ्यात इ.स.पू. २५०० च्या सुमाराची लागवडीची बाजरी मिळाली आहे.

आणि आपल्याकडे तेव्हा काय होतं? शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणती केली. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ तिथे गाव नांदलं. त्या गावाचं मुख्य पीक होतं जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. जवाला पाणी द्यावं म्हणून त्यांनी पाट काढला होता, दगडी बांध घातला होता. मुख्य भिस्त हिवाळी पिकावर.

माझं म्हणणं असं, की ज्वारी-बाजरी या लोकांवर दुष्काळाने लादली नाही. त्यांनी ती निवडली. पावसाळ्याचे चार महिने त्यांचं बहुतेक रान मोकळं असायचं. पावसावर येणारं आणि पाट न मागणारं धान्य हाती आल्यावर ते पेरलं नसतं तरच नवल. पुढे तर दख्खनच्या शेतकऱ्याने कमाल केली. आफ्रिकेत पावसाळ्यात येणारं हे पीक त्याने काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर, रब्बीत आणून उभं केलं. सप्टेंबरच्या शेवटी पेरलेली मालदांडी नंतर एक थेंब पाऊस न पडता कणसात येते, हे मी लहानपणापासून बघतोय.

घोडकाठ:

"निवडली" हा शब्द सुखवस्तू माणसाचा आहे. पोटापुरतं पिकवणारा माणूस बियाण्याशी सहज खेळत नाही. इनामगावचा शेवटचा टप्पा बघा, उत्तर जोर्वे काळ (जोर्वे ही दख्खनची ताम्रपाषाणयुगीन संस्कृती), इ.स.पू. १००० ते ७००. आधीची प्रशस्त चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. इनामगावच्या उत्खननातले प्रा. म. के. ढवळीकर यांनी याचं कारण पाऊस कमी होणं असं मांडलं होतं. पाटाला पाणी नाही म्हटल्यावर जव गेला, आणि कमी पाण्यावरच्या धान्याला वाट मिळाली. यात निवड कुठे आहे?

जवळचं उदाहरण देतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आली होती. माझी आजी सांगायची, पिठाला विरी गेल्यासारखी ती भाकरी थापताना कडेने फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे व्हायचे. घरात एकालाही ती आवडली नाही, तरी सगळ्यांनी खाल्ली. परकं धान्य असंच घरात शिरतं. भुकेच्या वाटेनं.

तिफण:

तुमच्या आजीची मिलो माझ्याच बाजूने साक्ष देते. खाल्ली सगळ्यांनी, पण पेरली कुणी? आमच्या भागात तरी कुणी नाही. पाऊस आल्यावर लोकांनी परत आपलंच बियाणं काढलं. दुष्काळ परकं धान्य ताटात आणतो, पण शेतात टिकायला त्याला चांगलं वर्षही काढावं लागतं. कणसं राखणं, मळणी, दळण, चव, बियाणं, सगळ्याला ते उतरलं पाहिजे. शिवाय उत्तर जोर्वे काळात पाऊस खरंच एकदम घटला का, यावर नंतरच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. हा पट्टा वस्ती होण्याआधीपासूनच अवर्षणाचा होता, असं त्यांचं म्हणणं आहे.

चाळण:

दोघेही "का" वर भांडताय. "कधी" चा पाया पक्का आहे का, ते आधी बघू.

मी उत्खननात माती धुण्याचं काम केलं आहे. माती पाण्यात सोडायची, जळालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीवर धरायचे. ज्वारीचा जळून फुगलेला दाणा तळहातावर घेतला तर मिरीएवढाही भरत नाही. आणि दख्खनची माती कोणती? काळी. एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो. वरच्या थरातला दाणा भेगेतून हातभर खाली जातो, पाऊस पडला की भेग मिटते, आणि पाचशे वर्षांपूर्वीचा दाणा तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीशेजारी जाऊन बसतो. उंदीर-घुशींचं वेगळंच.

युरोपात नेमकं हेच झालं. उत्तर चीनमध्ये पहिल्यांदा पिकलेला चेना, आपल्या वरीचा भाऊबंद, युरोपात नवाश्मयुगापासून होता असं कित्येक दशकं मानलं जात होतं, कारण तो तितक्या जुन्या थरांत सापडायचा. मग थराऐवजी प्रत्यक्ष दाण्याचंच कार्बन कालमापन केलं. जे दाणे सात हजार वर्षांपूर्वीचे समजले जात होते, ते हजारो वर्षांनी अलीकडचे निघाले. आता चित्र असं, की चेना युरोपात इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपास आला आणि दोन-तीनशे वर्षांत मध्य युरोपभर पसरला.

तिथे मृतांच्या हाडांवरूनही ताळा घेता येतो. चेना खाणाऱ्याच्या हाडातल्या कार्बनची ठेवण गहू-जव खाणाऱ्याहून वेगळी असते, आणि त्या काळच्या युरोपात त्या ठेवणीची दुसरी पिकं जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडे ही सोय नाही. ज्वारी, बाजरी आणि इथली मूळची बारीक धान्यं, सगळी एकाच ठेवणीची.

तिफणराव, रान मोकळं होतं हे तुमचं गृहीतकही मला अर्धंच मान्य आहे. कर्नाटकात हळ्ळूर, संगनकल्लू या नवाश्मयुगीन वस्त्यांवर देशी बारीक तृणधान्यं, मूग आणि कुळीथ पावसाळ्यात पिकतच होते. हळ्ळूरला बाजरीही मिळाली आहे, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या आसपासची, पण थोडी. म्हणजे आल्याआल्या तिने कुणाची जागा घेतली नाही. कित्येक पिढ्या ती बांधाच्या कडेचं पीक होती.

दावण:

सगळे भाकरीवर बोलताय, कडब्यावर कुणीच नाही. मी जनावरं सांभाळणारा माणूस. आमच्याकडे ज्वारी पेरताना दाणा किती होईल याआधी पेंढ्या किती होतील हे विचारतात. उन्हाळ्यात कडब्याची गंज असेल तरच बैल पुढच्या पेरणीला उभा राहतो. वरी-राळ्याचं काड जनावर खातं, पण त्याने किती भागणार? ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्यावरून जातं.

ते लोक गुरं पाळणारेच होते ना? मग मला वाटतं ज्वारी आधी दावणीसाठी रुजली आणि ताटात मागून आली. तुमच्या "निवडली की लादली" या वादात बैलालाही मत द्या.

घोडकाठ:

दावण यांचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो माझ्याच बाजूला झुकतो. चारा कधी महत्त्वाचा होतो? गवत कमी पडतं तेव्हा.

तिफण:

कडब्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे मान्य करतो. आणि चाळण यांनी सांगितलेल्या हळ्ळूर-संगनकल्लूच्या पावसाळी पिकांमुळे माझं "पावसाळ्यात रान मोकळं होतं" हे वाक्य मी इनामगावपुरतंच ठेवतो, अख्ख्या दख्खनला लावत नाही.

पण निवडीचा मुद्दा सोडत नाही, कारण भाषेत त्याची खूण आहे. जव म्हणजे संस्कृत यव. व्युत्पत्तीचे अभ्यासक ज्वारी हा शब्द "यवासारखी" अशा अर्थाच्या जुन्या शब्दाकडे नेतात. ज्वारीचं संस्कृत नाव यवनाल, आणि आपला जोंधळा त्याच कुळातला. म्हणजे नवं धान्य ज्यांनी ओळखीचं करून घेतलं, त्यांच्या घरात जव आधीपासून होता आणि त्याच्याच नावाने त्यांनी पाहुणीला हाक मारली.

चाळण:

सुंदर आहे, पण ही नावं ग्रंथांत येतात ती इनामगाव उजाड झाल्यानंतर पुष्कळ काळाने. शब्दावरून पेरणीचं साल काढता येत नाही.

साल काढायची एक वाट मात्र आहे, आणि ती सुदाननेच दाखवली. तिथला सर्वांत जुना पुरावा सुट्या दाण्यांचा नाही, खापऱ्यांतला आहे. कुंभाराने माती मळताना मळणीचा भुसा घातला, भट्टीत तो जळून गेला, पण दाण्याभोवतीच्या बोंडांचे ठसे मडक्याच्या अंगात राहिले. त्या ठशाचा साचा घेऊन भिंगाखाली बघायचं. रानटी ज्वारीचं बोंड आपोआप गळतं, त्याची खूण गुळगुळीत असते. पेरलेल्या ज्वारीचं झोडपून तोडावं लागतं, तिथे फाटल्याची खरबरीत कड दिसते.

दाणा भेगेतून खाली जाईल. भाजलेल्या मडक्याच्या अंगात तो मागाहून शिरू शकत नाही. जोर्वे काळाची ती रंगवलेली सुबक भांडी सगळे बघतात, मला बघायच्या आहेत त्याच घरांतल्या हाताने केलेल्या जाड्याभरड्या भांड्यांच्या खापऱ्या, जिथे माती सैल आणि भुसा जास्त असतो. तिथे फाटक्या कडेचा एक जरी ठसा सापडला, तरी तिफण यांच्या पेरणीला तारीख मिळेल. ती तारीख गोल झोपड्यांच्या आधीची निघाली तर घोडकाठ काय म्हणतील, हे मला ऐकायचं आहे.

घोडकाठ:

आधीची निघाली तर दुष्काळाचा मुद्दा मी मागे घेईन. नंतरची निघाली तर तिफणरावांनी माझ्या आजीची साक्ष मला परत द्यावी.