मदत हवी आहे: लिंकन गुलामगिरीला हात लावणार नव्हता, मग दक्षिण फुटली कशाला?

घाईत_आई
लेकाला उद्या निबंध द्यायचाय. मार्च १८६१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्या भाषणात लिंकन स्वतःच म्हणतो, जिथे गुलामगिरी आहे तिथे ढवळाढवळ करणार नाही. मग दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून उत्तरेशी युद्ध का झालं? विकिपीडिया वाचून झालाय, लिंक नकोत. लवकर सांगा.

जुनं_खोड
कितवीत? भारतात की तिकडे? शब्द किती?

वऱ्हाडी
गुलामगिरी नुसता बहाणा हो. खरं भांडण परदेशी मालावरच्या जकातीचं. उत्तरेला कारखाने जगवायचे होते, दक्षिणेला कापूस विकून स्वस्त विलायती माल हवा होता.

रेवती_क
वऱ्हाडी, ती वाढीव जकात मार्च १८६१ मध्ये आली, तोवर सात राज्यं फुटून मोकळी झाली होती. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचं फुटतानाचं निवेदन वाचा, सुरुवातीलाच गुलामगिरी.

ताई, भांडण नव्या प्रदेशांचं होतं. १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेषा आखली, मिसूरी सोडून तिच्या वर गुलामगिरी नाही. १८५४ मध्ये ती पुसली: कॅन्सस या नव्या प्रदेशाने मतं देऊन ठरवावं. दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन तिथे पोचले. लिंकनचं म्हणणं, नव्या प्रदेशात गुलामगिरी नाहीच. केंद्राच्या सिनेट सभागृहात प्रत्येक राज्याचे सदस्य दोन. गुलामगिरी नसलेली राज्यं वाढत गेली की दक्षिणेला कोण विचारतो? शिवाय दक्षिणेतल्या दहा राज्यांत मतपत्रिकेवर नाव नसताना तो निवडून आला.

वऱ्हाडी
पण राज्यांचे हक्क?

रेवती_क
कुठले हक्क? पळालेल्या गुलामांना पकडायचा १८५० चा कायदा दक्षिणेनेच उत्तरेवर लादून घेतला. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. मालकाच्या हवाली केलं तर निकाल देणाऱ्या कमिशनरला १० डॉलर, सोडलं तर ५. तेव्हा राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत.

कोकणस्थ_ठाणेकर
युद्धाची पहिली तोफ दक्षिणेने सम्टर किल्ल्यावर डागली, १२ एप्रिल १८६१. आणि निबंध मुलालाच लिहू द्या.

वऱ्हाडी
अवांतर: अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि शेअरबाजार आपटला. यावर वेगळा धागा काढतो.

जुनं_खोड
काढा, आमचे वऱ्हाडातले शेतकरीही येऊ द्या त्यात. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तेही घाला. घाईत_आई, अजून इयत्ता सांगितली नाहीत.

घाईत_आई
सातवी, न्यू जर्सी, २५० शब्द. रेवतीताई, दहा-पाच डॉलरचं घेतलं, बाकी जमेल तेवढं. आता हा म्हणतोय, मेरीलँड आणि केंटकीत गुलामगिरी होती, तरी ती उत्तरेबरोबर का राहिली, तेही त्यातच लिहायचंय.

जुनं_खोड
हे आधी सांगायला काय झालं होतं?