दिल्लीचा मालचा महाल: नुसता सावरायचा की नव्यासारखा करायचा?

रिजवरची

मूळची सांगलीची, पण गेली अकरा वर्षं दिल्लीत. जानेवारीत शेवटी एकदाचा मालचा महाल बघून आले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय. चाणक्यपुरीच्या बाजूला, सरदार पटेल मार्गावरून आत जंगलात वळलं की विलायती बाभळीतून एक रस्ता जातो, इस्रोचं अर्थ स्टेशन (उपग्रहांशी संपर्काचं केंद्र) लागतं आणि त्याच्या पुढे एका उंचवट्यावर ही वास्तू. फिरोजशाह तुघलकाची शिकारगाह. फिरोजशाह १३५१ ते १३८८ गादीवर होता आणि शिकारीचं त्याला भयंकर वेड, त्याच्या अशा जागा दिल्लीत अजून आहेत, तीन मूर्ती भवनाच्या आवारात कुश्क महाल, हिंदुराव हॉस्पिटलच्या आवारात पीर गायब, झंडेवालानजवळ भूली भटियारीचा महाल. महाल म्हणजे राजवाडा नव्हे हं, उंच जोतं, ओबडधोबड दगडांच्या म्हणजे डबराच्या जाड भिंती, कमानीच्या खोल्या आणि वर गच्ची. बास.

पण ही वास्तू लोकांना माहीत आहे ती तुघलकामुळे नाही. बेगम विलायत महल नावाच्या बाई आपण अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याचे वंशज आहोत असं सांगत मुलगा, मुलगी, नोकर आणि कुत्री घेऊन नवी दिल्ली स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये वर्षानुवर्षं राहिल्या आणि शेवटी १९८५ साली सरकारने त्यांना हा महाल राहायला दिला. वीज नाही, नळ नाही, दारं नाहीत. १९९३ मध्ये बाईंनी तिथेच जीव दिला, मग मुलगी गेली, आणि २०१७ मध्ये मुलगा एकटाच मेलेला सापडला. बत्तीस वर्षं माणसं राहिली तिथे!

आता त्याच्या जतनाची चर्चा अधूनमधून होत असते, मे २०२३ पासून दिल्ली टुरिझमने तिथे भुताटकीची सफर पण सुरू केली. माझं म्हणणं सरळ आहे. भिंती पडणार नाहीत, पाणी मुरणार नाही, कमानीत मुळं घुसणार नाहीत एवढंच करा. गिलावा, रंग, लाइट, लॉन काही नको. आणि त्या तिघांच्या राहण्याच्या ज्या खुणा उरल्यात त्या "नंतरची घाण" म्हणून साफ करू नका. भिंतींवर लोकांनी नावं कोरलीत ती बघून रडू आलं मला, खरंच सांगते.

चुन्याचा घाणा

ताई, भावना पोचली, पण मुद्द्याशी मी सहमत नाही. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात वीस वर्षं आहे म्हणून थोडं लांबवतो.

तुम्हाला जो उघडा डबर दिसतो आणि "भग्न सौंदर्य" वाटतं ती मूळ वास्तू नाहीच. तुघलकी बांधकाम म्हणजे इथल्याच टेकडीचा ओबडधोबड क्वार्टझाइट, चुन्यात बसवलेला, आणि वरून चुन्याचा जाड गिलावा. तो गिलावा शोभेसाठी नव्हता, ते भिंतीचं कातडं होतं. दगड कठीण आहे, त्याला काही होत नाही, पण दोन दगडांमधला चुना पावसाने धुऊन जातो, मग आतला भराव सुटतो, मग एक दिवस अख्खा कोपरा खाली येतो. कातडं सोललेल्या माणसाला "असाच राहा, छान दिसतोस" म्हणण्यासारखं आहे हे.

उघडंच ठेवा हा विचार आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या काळातले पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या मॅन्युअलमधून, त्यात म्हटलंय की अर्धवट पडलेलं मूळ काम हे चकचकीत नव्या कामापेक्षा कितीतरी मोलाचं. पुरातत्त्ववाले अजून त्या वळणाने जातात. पण आपल्याकडे पाथरवट आणि गवंडी अजून जिवंत आहेत, विद्या संपलेली नाही, म्हणून इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या २००४ च्या सनदेत कारागिरांच्या परंपरेला जागा दिली. हुमायूनच्या मकबऱ्यावर आगाखान ट्रस्टने काय केलं बघा, छतावर विसाव्या शतकात ओतलेलं जवळजवळ दहा लाख किलो काँक्रीट हाताने फोडून काढलं आणि परत चुन्याचा थर दिला, २०१३ मध्ये काम संपलं. कोणी म्हणतं का आता की ते खोटं दिसतं?

आणखी एक. या फिरोजशाहने स्वतःच्या कामांची जी नोंद लिहून ठेवलीय, फुतूहात-ए-फिरोजशाही, त्यात तो सांगतो की आपल्या नव्या बांधकामांच्या आधी त्याने जुन्या राजांच्या पडक्या इमारती नीट केल्या. कुतुबमिनारवर वीज पडली तेव्हा वरचे मजले त्यानेच बांधून घेतले. जो माणूस स्वतः दुरुस्ती करत आला त्याच्या वास्तूला आपण पडकी ठेवायची?

तटबंदी

मला एक कळत नाही, आपल्या गडांवर तटाचे चिरे दर पावसाळ्यात ढासळतात आणि आपण इथे दिल्लीच्या सुलतानाच्या शिकारखान्यावर चर्चा करतोय. त्याच फुतूहातमध्ये त्याने देवळं पाडल्याचंही लिहिलंय, ते पण सांगा की. अशा माणसाच्या मौजेच्या जागेवर एक रुपया खर्च होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पडली तर पडू दे.

रिजवरची

@तटबंदी, लिहिलंय त्याने, आणि ते लपवायचं काही कारण नाही, माहितीफलकावर तेही यावं. पण दिल्ली सरकारच्या खात्याचा पैसा उद्या इथे नाही लागला तर तो काही राजगडाला जाणार नाही ना. आणि तुम्ही गडांवर जाणारे दिसता म्हणून विचारते, २०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले तेव्हा सगळ्यात मोठी काळजी काय होती सगळ्यांना? की आता कोणीतरी सिमेंटच्या गोण्या घेऊन वर चढेल. हीच तर काळजी मी इथे करतेय. एक वास्तू बिघडवायची सवय लागली की ती सवय सगळीकडे जाते.

@चुन्याचा घाणा, कातड्याचं उदाहरण वाचून गप्प झाले थोडा वेळ. विचार करते.

राधानगरीकर

तुम्ही दोघं भिंतीवर भांडताय आणि जंगलाचं नावच नाही. मालचा महाल उभा आहे तो सेंट्रल रिजमध्ये, म्हणजे दिल्लीतल्या टेकडीच्या मधल्या पट्ट्यात, ८६४ हेक्टरचं जंगल, १९९४ पासून राखीव वन म्हणून अधिसूचित. शहराच्या पोटात एवढं हिरवं टिकलंय हेच नवल. वास्तू "डेव्हलप" करायची म्हटली की आधी रस्ता रुंद होतो, मग पार्किंग, मग टॉयलेट, मग फोकस लाइट, मग चहाची टपरी. कोल्हे राहतात तिथे, ते कुठे जाणार?

आमच्याकडचं सांगतो. दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं आणि म्हणूनच ते तुटलं नाही, १९५८ मध्ये अभयारण्य झालं ते राज्यातलं पहिलं. शिकारीसाठी राखलं म्हणून गवे वाचले, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. शिकारगाहचं खरं स्मारक म्हणजे तिच्याभोवतीचं रान, चार भिंती नव्हे. माझं मत विचाराल तर रस्ता बंद करा, वास्तूला हात लावू नका, विलायती बाभूळ तेवढी काढून ढाक (म्हणजे पळस), खैर अशी इथली झाडं येऊ द्या. ती बाभूळ तर इंग्रजांनी आणलेली, मेक्सिकोकडची, तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही.

नीरक्षीर

मूळ लेखातली एक गोष्ट खटकली. त्या बाई अवधच्या नव्हत्याच हे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलंय, लखनौ विद्यापीठाच्या रजिस्ट्रारची विधवा, साधं मध्यमवर्गीय घर. म्हणजे सरकारची फसवणूक करून चौदाव्या शतकातल्या वास्तूत घुसलेलं कुटुंब, आणि तुम्ही म्हणताय त्यांच्या खुणा जपा? उद्या कुतुबमिनारच्या आवारात कोणी तंबू ठोकून बसला तर त्याचंही स्मारक करणार का? खोट्या गोष्टीला वारसा म्हणू नका. सहाशे वर्षांच्या पुढे ती बत्तीस वर्षं काहीच नाहीत.

रिजवरची

@नीरक्षीर, वाचलंय मी ते, मूळ पोस्टमध्ये "असं सांगत" लिहिलंय ते म्हणूनच. पण खोटं ठरल्याने गोष्ट लहान होत नाही हो, उलट मोठी होते. फाळणीत पाकिस्तानात गेलेलं घर, सगळं हातचं गेलेलं, एक बाई परत येते आणि दुसऱ्या एका, शंभर वर्षांपूर्वी लुटल्या गेलेल्या राज्याचं दुःख स्वतःचं म्हणून अंगावर घेते, आणि मुलं ते मरेपर्यंत सोडत नाहीत. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं हे तर खोटं नाही. १९४७ खोटं नाही. या दोन्ही गोष्टी त्या एका दारं नसलेल्या घरात येऊन बसल्या. मी त्यांचा पुतळा उभारा म्हणत नाहीये, पण सहाशे वर्षांत त्या घरात सलग राहिलेली, आपल्याला नावानिशी माहीत असलेली माणसं तीच आहेत, सुलतान तर शिकारीपुरता येत असणार.

आणि भुताची सफर मला याच कारणासाठी झोंबते. त्या पोराला जाऊन दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि आपण टॉर्च घेऊन त्याच्या घरात दचकायला जातो.

बसंतलेन

सफरीबद्दल थोडं वेगळं मत. मी गेलोय. गाइडने निम्मा वेळ तुघलक, रिज, बांधकाम यावरच घालवला, आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोरांना त्याआधी फिरोजशाह कोण हेच माहीत नव्हतं. लोक भुताच्या नावाने येतात आणि इतिहास ऐकून जातात, यात वाईट काय? आणि रात्री कुलूप-चौकीदार नसताना तिथे दारूच्या बाटल्या फुटायच्या, कोरलेली नावं त्याच काळातली. ये-जा असेल तर कोणीतरी लक्ष ठेवतं. राधानगरीकर म्हणतात तसा रस्ता बंद केला की चांगली माणसं यायची थांबतील, बाकीचे येतच राहतील.

राधानगरीकर

हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. मग दिवसा, पायी, वीस-पंचवीस माणसं, गार्ड सोबत. गाडी नको आणि रात्र तर नकोच नको.

चुन्याचा घाणा

मी पण थोडा सरकतो. भिंतींना बाहेरून गिलावा नाही केला तरी चालेल, पण दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याने भरायलाच हव्यात आणि गच्चीवर चुन्याचा कोबा हवाच हवा, तिथे तडजोड नाही. पाणी वरूनच येतं. चुना महिनाभर तरी भिजलेला, सुरखी (विटांची पूड) घालून घाण्यात मळलेला, बेलफळाचं पाणी, गूळ, उडदाचं पीठ, जुनी पद्धत. सिमेंटचा एक घमेलाही नको, सिमेंट चुन्यापेक्षा कडक, त्यात पाणी अडकतं, क्षार फुगतात आणि शेजारचा जुना चुना पीठ होऊन गळतो. आणि आतल्या एका खोलीला ताई म्हणतात तसा अजिबात हात लावू नये, ती माणसं राहत होती तशी ठेवावी, याला माझी हरकत नाही.

नीरक्षीर

माझी आहे. पण फलकावर "वंशज असल्याचा दावा पुढे खोटा ठरला" असं स्वच्छ लिहिणार असाल तर खोलीवरून भांडत बसणार नाही.

रिजवरची

लिहावंच. आणि कोब्याचं मला पटलं, मूळ पोस्टमध्ये मी "पाणी मुरणार नाही" एवढंच म्हणून मोकळी झाले होते, ते कसं हे मला माहीतच नव्हतं.

एक राहिलं. मालचा हे ज्या गावाचं नाव ते गाव आता नाही. १९११ नंतर नवी दिल्ली बांधायला त्याची जमीन घेतली आणि माणसं सोनिपतच्या बाजूला गेली, मोबदल्यासाठी त्यांचे वंशज कोर्टात भांडलेत. फलकावर सुलतान येईल, बेगम येईल, तेव्हा या गावाचं नावही यावं, निदान एक ओळ. यावर कोणाची हरकत असेल तर सांगा.

तटबंदी

यावर नाही.