१९२०-३० च्या इंग्लिश पबवरचं लाकूड: सांगाडा की सजावट?

प्रश्न: बाहेरचं लाकूड भार पेलणारा सांगाडा आहे की नुसती सजावट, कसं ओळखायचं? आणि आत काउंटर मधोमध का असतो?

गिलावा (टोपणनाव): सांधे बघा. खऱ्या सांगाड्यात ओकच्या खुंट्यांची टोकं दिसतात, तेच लाकूड बहुधा आतूनही दिसतं. नुसत्या फळ्या असतील तर मागे वीट असते. फळीमागे पाणी मुरून खालची कड आधी कुजते. फटी सिमेंटने बुजवू नका, ओल आतच कोंडते!

ओळंबा (टोपणनाव): काउंटर मधोमध असण्याचं कारण देखरेख. मालकाला एका जागेवरून सगळ्या खोल्या दिसाव्यात, दारूबाजीला आळा बसावा. उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात तर १९१६ पासून सरकारनेच पब चालवले. तिथले वास्तुविशारद हॅरी रेडफर्नचे आराखडे जरूर अभ्यासा. उभ्याने पिण्याऐवजी टेबलाशी बसून जेवण, हा त्यामागचा आग्रह.

गिलावा: बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्डमधला ‘ब्लॅक हॉर्स’ही बघाच. रूप ट्यूडर (सोळाव्या शतकातल्या इंग्लिश घरांसारखं), बांधकाम मात्र १९२९ च्या सुमाराचं.