आधी डिप्रेशन म्हणाले, आता बायपोलर म्हणतात. निदान नेमकं करतात कसं?

मिरजेची_ताई

नमस्कार. लांबलचक होणार आहे, पण कृपा करून पूर्ण वाचा.

माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा. पुण्यात हिंजवडीला नोकरीला होता, सध्या मिरजेला घरी आहे. मागच्या पावसाळ्यात रजा टाकून आला तो सुकलेलाच. ताटावर बसून घास चिवडत राहायचा, अंघोळीला चल म्हटलं की डोळ्यांत पाणी. "मी तुम्हाला सगळ्यांना भार झालोय" हे रोजचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी झोपेची गोळी दिली, मग त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नैराश्य सांगितलं आणि एस्सिटालोप्राम सुरू केली. दिवाळीपर्यंत पोरगा बोलायला लागला, फराळाला बसला. आईनं देवीची ओटी भरली.

त्यानंतर मात्र तो थांबेचना. रात्री दोन-तीन तास झोपायचा आणि पहाटे चारला उठून अंगण झाडायचा. शाळेतल्या विसरलेल्या मित्रांचे नंबर शोधून फोन करायचा. बोलायला लागला की एक गोष्ट संपायच्या आत तिसरी सुरू. शेळीपालनाचा प्रकल्प काढतो म्हणाला आणि बुलेट मिळेल त्या भावात विकून आला. बाबांनी अडवलं तर अंगावर धावून गेला. आमच्या घरात बाबांपुढे आजवर कुणी आवाज चढवलेला नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुनी गोळी बंद करून लिथियम (मूड स्थिर ठेवायला म्हणे) आणि रात्रीची आणखी एक गोळी दिली. जुन्या कागदावर एफ ३२.१ लिहिलंय, नव्यावर बीपीएडी आणि एफ ३१.१. रक्त तपासलं ते थायरॉइड आणि किडनीसाठी. एमआरआय काढू का विचारलं तर गरज नाही म्हणाले. मग निदान केलं कशावरून? अर्धा तास बोलून?

आई म्हणते, "पहिलं ते, आता हे, उद्या आणखी तिसरं सांगतील. यांनाच कळत नाहीये." गोळ्या बंद करून एका ठिकाणी दाखवून आणू असं काकांचं चाललंय. मला पहिलं निदान चुकलं होतं का ते समजून घ्यायचंय. आणि आता हे दुसरं तरी धरून चालायचं का?

ओपीडी_तीन_नंबर

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्हा रुग्णालयात बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय आहे हे मी सांगणार नाही. आम्ही निदान कसं करतो ते मात्र सविस्तर सांगतो.

कागदावरचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतले, तिच्या दहाव्या आवृत्तीतले आहेत. एफ ३२.१ म्हणजे मध्यम तीव्रतेचा नैराश्याचा एपिसोड. बीपीएडी म्हणजेच बायपोलर, ज्यात मन कधी खूप खाली (नैराश्य) तर कधी खूप वर (मॅनिया) जातं. एफ ३१.१ म्हणजे तोच आजार, सध्या मॅनिया, भास-भ्रम नाहीत. पहिल्या कागदावर फक्त एपिसोडचं नाव आहे, त्या वेळी समोर काय दिसत होतं त्याचं. नैराश्य ठरवताना किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज टिकलेली लक्षणं पाहतात: मन उदास असणं, कशात रस न उरणं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार. तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात बसतं.

अडचण अशी की बायपोलरमधलं नैराश्य आणि साधं नैराश्य ओपीडीत समोर बसलेलं सारखंच दिसतं. फरक असतो तो आधी काय घडलंय आणि पुढे काय घडणार यात. पुढचं कुणालाच दिसत नाही आणि मागचं सांगणारा माणूस त्या वेळी इतका खचलेला असतो की आपण कधी आनंदात होतो हेही त्याला आठवत नाही. शिवाय वर गेलेल्या काळात कुणी दवाखान्यात येत नाही. तेव्हा रुग्णाला मस्त वाटत असतं आणि घरच्यांनाही वाटतं, पोरगं कामाला लागलं. बऱ्याच जणांत पहिला एपिसोड नैराश्याचाच असतो आणि खरं निदान व्हायला काही वर्षं जातात. म्हणून पहिल्या डॉक्टरांना दोष देण्याआधी एक बघा, त्यांनी "याआधी कधी याच्या उलट झालं होतं का" असं विचारलं होतं का, आणि घरातून काय उत्तर गेलं होतं.

या प्रश्नातली झोप मी सगळ्यांत जपून विचारतो. "झोप येत नाही" ही नैराश्यातलीही तक्रार आहे आणि काळजीतलीही. तो माणूस रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी गळून गेलेला असतो. मॅनियात माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो, त्याला जास्त झोपेची गरजच वाटत नाही. तुमचा भाऊ पहाटे चारला अंगण झाडत होता ना, तो तपशील डॉक्टरांच्या दृष्टीनं एमआरआयपेक्षा मोलाचा आहे. त्यासोबत न थांबणारं बोलणं, विचारांची धावपळ, अंगात आलेला जोर, बेहिशेबी व्यवहार, चिडचिड. हे आठवडाभर टिकलं आणि घर-नोकरी विस्कटली तर मॅनिया. चारेक दिवस, लोकांना बदल जाणवेल इतपत, पण फार नुकसान न होता झालं तर हायपोमॅनिया.

रक्ताच्या तपासणीतून बायपोलर सापडत नाही, हे खरं आहे. तिचं काम वेगळं. थायरॉइड बिघडलं तरी माणूस खचू शकतो किंवा भडकू शकतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेल्या स्टेरॉइडनं मॅनियासारखी लक्षणं येतात, गांजानं किंवा इतर नशेनंही येतात. ते आधी बाजूला काढावं लागतं. किडनीचा रिपोर्ट लिथियम सुरू करण्याआधी लागतोच. मेंदूचं स्कॅन आम्ही सांगतो ते फिट आली असेल, डोक्याला मार असेल, हातापायाची ताकद गेली असेल किंवा पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच असं झालं असेल तर.

आणखी एक मुद्दा तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. नैराश्याच्या गोळीवर असताना मॅनिया उसळला, तर तो गोळीचा परिणाम की मूळचा आजार? गोळी थांबवून तिचा असर ओसरल्यावरही पूर्ण मॅनिया टिकून राहिला, तर बायपोलर धरतात. म्हणून तारखा महत्त्वाच्या आहेत: एस्सिटालोप्राम कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, झोप कधी कमी झाली, गोळी कधी बंद केली. जुनी फाईल मिळत नसेल तर मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे.

काकांना सांगा, देवाला जायला कुणाची ना नाही, पण लिथियम एकाएकी बंद करू नका. मॅनिया दुप्पट जोरानं उलटू शकतो. आणि "मी भार झालोय" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सोलापूरच्या_काकू

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. आमच्या घरात हा आजार यांना आहे, म्हणजे माझ्या मिस्टरांना. निदान व्हायला आमचीही वर्षं गेली.

यांचे वर जाण्याचे दिवस म्हणजे घरात सण असायचा. घराला रंग, नवं कपाट, पाहुण्यांना जेवायला बोलावणं. सासूबाई अभिमानानं सांगायच्या, माझा मुलगा एकटा चार माणसांचं काम करतो. मग दोन-तीन महिन्यांनी हे पांघरूण घेऊन पडायचे, आणि आम्ही डॉक्टरांना सांगायचो ते फक्त या पडण्याबद्दल. रंगकामाबद्दल काय सांगायचं, असंच वाटायचं. नंतर एका डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर बोलावून विचारलं, "यांनी कधी उसने पैसे काढून खर्च केलाय का?" तेव्हा कुठे कपाटाच्या हप्त्यांची गोष्ट निघाली.

त्यांनी मला एक सवय लावली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या चौकोनात रोज सकाळी झोपेचे तास लिहायचे आणि शेजारी एक खूण. वर जाणारा बाण, खाली जाणारा बाण किंवा आडवी रेघ. गोळी चुकली तर गोल. दुधाचा हिशेब तिथेच लिहायची मी, त्यामुळे विसरायचं कारण नव्हतं. सलग दोन-तीन चौकोनांत झोप चारच्या खाली आली की मी फोन लावते. बाणाची वाट बघत नाही, कारण झोप आधी बिघडते, मूड मागून.

हे भावाच्या पाठीमागे लिहू नकोस. यांना आधी पाळत ठेवल्यासारखं वाटायचं, खूप भांडले. आता स्वतःच लिहितात.

वाचक_नाशिक

मी मानसशास्त्र शिकवतो. ताईंच्या आईंची शंका मला अगदीच मोडीत काढाविशी वाटत नाही. अमेरिकेत डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं तिथलं पुस्तक, पाचवी आवृत्ती) येण्याआधी चाचणी घेतली होती. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासायचं आणि निदान जुळतं का ते पाहायचं. एक म्हणजे पूर्ण एकमत आणि शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, अशा मापावर नैराश्याला मिळाले ०.२८. २०१३ साली हे छापून आलं. इतकं नेहमीचं निदान आणि इतकं कमी एकमत! मग घरच्यांनी त्या नावावर किती विसंबायचं?

ओपीडी_तीन_नंबर

सर, आकडा बरोबर आहे आणि तो आम्ही लपवू नये. पण त्याच चाचणीत बायपोलर (पहिला प्रकार) ०.५६ वर होता. मॅनिया ओळखण्यावर डॉक्टरांचं एकमत जास्त होतं, आणि ताईंचा प्रश्न नेमका तिथला आहे.

मला या संदर्भात जुना अमेरिका-ब्रिटन अभ्यास आठवतो. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान भरमसाट व्हायचं आणि लंडनमध्ये उन्माद-अवसादाचं, म्हणजे आजच्या बायपोलरचं. १९७२ साली त्याचा अहवाल आला. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीचे, ठरलेले प्रश्न विचारले तेव्हा तो मोठा फरक बराचसा विरून गेला. रुग्ण फारसे निराळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी निराळ्या होत्या. त्यानंतर १९८० च्या डीएसएम-३ मध्ये किती लक्षणं, किती दिवस, हे लिहून ठरवलं गेलं. आणि हा वाद पुस्तकी नव्हता. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली लिथियमचा उपयोग दाखवला होता. निदान स्किझोफ्रेनिया लिहिलं की बायपोलरचा माणूस त्या औषधाला मुकायचा.

म्हणून मी घरच्यांना सांगतो, नावावर भांडण्यात शक्ती घालवू नका, डॉक्टरांना माहिती द्या. आमच्याकडे माहिती अर्धी आली की निदानही अर्धंच होतं. आणि डॉक्टर दहा मिनिटांत उरकत असतील तर जास्त वेळ मागून घ्या, घरच्या माणसाशी वेगळं बोला म्हणा. तो तुमचा हट्ट नाही, तपासणीचाच भाग आहे.

मिरजेची_ताई

डॉक्टर, काकू, सर, तिघांचेही आभार. सगळं आईला वाचून दाखवलं.

बाबांशी बोलले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी भावानं गणपतीची आरास एकट्याच्या अंगावर घेतली होती. आठवडाभर मंडपातच असायचा, रात्री जेमतेम डोळा लागायचा, आणि वर्गणीपेक्षा जास्त खर्च करून बसला. पुढे बाबांनी तो भरला. तेव्हा गल्लीत सगळे त्याचं कौतुक करत होते. त्याच हिवाळ्यात तो एका सेमिस्टरला बसलाच नाही, आणि कारण आम्ही कावीळ धरलं होतं. हे पहिल्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, असं आई आता म्हणते. शिवाय बाबांच्या मोठ्या आत्याच्या अंगात यायचं म्हणतात. तेही हेच का?

दोन गोष्टी अजून. भावाचा गुरुवारचा उपवास असतो, लिथियमवर चालेल का? आणि घरात त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. आता जन्मभराचा शिक्का बसला असं आईला वाटतंय.

ओपीडी_तीन_नंबर

आरास, उधळलेला खर्च, कमी झोप आणि मागून वाया गेलेली सेमिस्टर, हे सगळं तारखांसकट डॉक्टरांना सांगा. याच क्रमानं सांगा. कावीळ खरंच झाली होती का, त्याचा जुना रिपोर्ट असला तर तोही न्या. आत्याबाईंचं मात्र लांबून ठरवू नका. अंगात येण्याची कारणं अनेक असतात, तो प्रत्येक वेळी आजारच असतो असंही नाही. त्यांना महिनोन्‌महिने पडून राहणं किंवा झोपेविना वावरणं असं काही होतं का, एवढं विचारा. जवळच्या नात्यात हा आजार असला तर जोखीम वाढते, तरी बहुतेक नातेवाइकांना तो होत नाही.

उपवासाचं विचारलंत ते फार बरं केलंत. निर्जळी अजिबात नको. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. पाणी भरपूर आणि मीठ रोजच्याइतकंच, एकदम सोडायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या, हात जोरात थरथरायला लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर आणू नका, त्यांनीही पातळी चढते.

शिक्क्याबद्दल: त्याच २०१७ च्या कायद्यात असं आहे की पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज किंवा पुढे कुणाला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. लग्नाची घाई नको, आधी वर्षभर झोप आणि गोळ्या स्थिरावू देत. पुढे स्थळ आलं की त्यानं स्वतः मुलीला सांगावं. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात, आणि तिथेच त्या सुटतात.

लिथियमची पातळी तपासायला सांगतील तेव्हा एक लक्षात ठेवा: रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला लॅबमध्ये. पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान पाहतात. गोळी घेऊन गेलात तर आकडा उगाच जास्त दिसेल आणि डोस चुकीचा कमी केला जाईल.

मिरजेची_ताई

लिहून घेतलं. रात्रीची गोळी तो नऊलाच घेतो. मंगळवारी नंबर लावलाय, बाबा स्वतः येतो म्हणाले, आरासीचं तेच सांगणार आहेत.