बंद पडलेल्या डेस्कटॉपमधून तुम्ही काय काय वाचवलंत?

बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. नवा घ्यायला खिसा तयार नसतो आणि डब्यातले सगळेच भाग एकदम गेलेत असंही सहसा होत नाही. मग खोलायचं, चालतंय ते काढायचं आणि कमीत कमी नव्या भागांत दुसरं मशीन उभं करायचं. कुठला भाग काढलात, तपासलात कसा, कुठे बसवलात आणि पुढे तो टिकला का, हे इथे लिहा. फसलेले प्रयोगही हवेत, किंबहुना तेच जास्त हवेत.

सुरुवात मी करते. माझा आग्रह एकच आहे: आधी मशीन कशाने गेलं ते शोधा, मग भाग काढा. कारण मारणारा भाग तुम्ही उचललात, तर तो नव्या बोर्डालाही सोडणार नाही. आमच्या मशीनचा पंखासुद्धा फिरत नव्हता. सगळे म्हणाले, मदरबोर्ड गेला. मल्टिमीटरने एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, २४ पिनी कनेक्टरमधली जांभळी वायर तपासली. प्लग चालू असला की मशीन बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट दिसायला हवेत, इथे शून्य. नवा एसएमपीएस लावला आणि बाकी सगळं जसंच्या तसं चालू. शवविच्छेदनाला बसले आणि रुग्ण उठून बसला! त्यामुळे ‘भाग काढण्याची’ माझी गोष्ट तिथेच संपते.

~~~

जांभळ्या वायरच्या पुढची पायरी सांगतो. कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर क्लिपने जोडली की एसएमपीएस एकटाच सुरू होतो. मग पिवळ्यावर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये आकडा हवा. मात्र पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं समजू नका. भार नसताना आकडे छान दाखवणारा एसएमपीएस ग्राफिक्स कार्ड लावताच मान टाकतो. आणि तो डबा उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो.

~~~

रॅम. काढायला सोपी, टिकायला चिवट. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची बसतच नाही. जोर लावू नका. तांब्यासारखे दिसणारे संपर्क खोडरबरने हलके पुसायचे, कण झटकायचे. मग एका वेळी एकच स्टिक लावून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवायचं. एक जरी एरर आली तरी ती स्टिक बाद. ‘एवढं चालतं’ म्हणणाऱ्यांच्या फायली कधी खराब होतात ते त्यांनाही कळत नाही.

~~~

आमच्या घरचा किस्सा. भावाने नवा मॉड्युलर एसएमपीएस आणला, म्हणजे केबल सुट्या काढता येतात तो. जुन्याच्या केबल आधीच कॅबिनेटमध्ये नीट ओवून बांधलेल्या होत्या. पुन्हा कोण ओवणार? नवा डबा त्यांनाच जोडला. प्लग अगदी चपखल बसले. बटण दाबलं, बारीकसा वास आला आणि दोन्ही हार्ड डिस्क गप्प.

डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय द्यायचं याचं प्रमाणच नाही. कंपनी बदलली की क्रम बदलतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की खेळ खलास. काही डिस्कच्या सर्किटवर अशा वेळी स्वतः मरून बाकीच्यांना वाचवणारा छोटा डायोड असतो. आमच्या एका डिस्कवर होता. दुरुस्ती करणाऱ्याने तो काढला आणि फोटो उतरवून घेण्यापुरती डिस्क जगली. दुसरी नाही जगली.

तेव्हा एसएमपीएस टाकलात तर त्याच्या केबलही त्याच्याबरोबर टाका.

~~~

डिस्कचा विषय निघालाच आहे तर: आधी डेटा, मग डिस्क. स्मार्टच्या तक्त्यात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, ५ आणि १९७ हे दोन क्रमांक बघा, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे कप्पे) आणि बदलायच्या रांगेतले. दोन्हीकडे शून्य असेल तर ती डिस्क मी दुय्यम साठ्याला वापरते. १९७ वाढताना दिसला तर कॉपी करून निरोप. विंडोजची डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे इतकंच. ती की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

~~~

कॅबिनेट, पंखे, स्क्रू सगळं ठेवलं. जाड आट्यांचे स्क्रू हार्ड डिस्कला, बारीक आट्यांचे एसएसडी आणि डीव्हीडीला. नवा बोर्ड बसवताना जुन्या बोर्डाचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट, मोजून घ्या. भोक नाही तिथे एखादा राहिला तर बोर्ड मागून शॉर्ट होतो.

~~~

प्रोसेसर सहसा मरत नाही, माणसंच त्याला मारतात. एएम४च्या (एएमडीच्या प्रोसेसरच्या) बोर्डावर कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट वाळली की कूलर ओढताना प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून, म्हणजे त्याच्या बैठकीतून, उपटून बाहेर येतो, पिना वाकतात. चालू मशीन थोडा वेळ दमवून गरम करता येतं; बंद मशीनला ती सोय नाही. मी कूलरवर हेअर ड्रायर धरतो, मग तो डावी-उजवीकडे पिळत सोडवतो. सरळ वर ओढायचं नाही.

दुसरी गोम सॉकेटची. एलजीए११५१ लिहिलंय म्हणून भरवसा ठेवू नका: इंटेलची सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचं सॉकेट त्याच नावाचं, तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. आणि नावाच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड धरूनच हिशोब करा.

~~~

ऑफिसातून निघालेले ब्रँडेड टॉवर घेणाऱ्यांनो, आधी झाकण काढून बोर्डाचा पॉवर कनेक्टर बघा. २४ पिनी नसेल तर बाजारातला एसएमपीएस सरळ लागणार नाही. कित्येकदा समोरच्या बटणाची वायरसुद्धा त्यांची त्यांचीच असते. रॅम, प्रोसेसर, डिस्क काढा आणि मोकळे व्हा.

~~~

जुना एसएमपीएस लावूच नये, असं माझं मत. हिशोबात बसत नसेल तर बाकी कशावरही काटकसर करा.

~~~

(धागाकर्ती) सरसकट नाही म्हणणार. चांगल्या प्रतीचा, वॉरंटीत असलेला आणि मशीन दुसऱ्याच कारणाने गेलेलं असेल तर मी वापरेन. बिननावाचा असेल तर कदापि नाही.

~~~

माझं जोडकाम पूर्ण झालं, पण बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११चा रस्ता बंद. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्स मिंट टाकलं, ८ जीबी रॅम, नवी फक्त साटा एसएसडी. वेगातला खरा फरक तिनेच पाडला. नंतर ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सर्टिफिकेट चालत नाही’ म्हणू लागला. राउटर, केबल सगळं तपासून झालं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता, प्लग काढला की तारीख काही वर्षं मागे जायची आणि चुकीच्या तारखेमुळे सर्टिफिकेट नाकारली जायची. जुना बोर्ड घेतलात तर सेल पहिल्याच दिवशी बदला.